सहाव्या वर्षाची दाढ

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा शब्दांकित पाठ)



शंभर वर्षे पुरी करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावर साहित्यिकांनी, इतिहासकारांनी, समाजचिंतकांनी उभे राहावे हे रास्तच आहे. तेथे दंतवैद्याला पाचारण करण्यात संयोजकांनी धाडस दाखविले आहे आणि ते निमंत्रण स्वीकारण्यात मी त्याहूनही अधिक. परंतु या धाडसाचे मूळ याच वास्तूत आहे. शनिवारी सायंकाळी मी पुस्तक बदलावयास येतो, तेव्हा बालविभागाच्या लांब बाकावर मुले वाचत बसलेली असतात. वाचनात गढलेले मूल बहुधा तोंड किंचित उघडे टाकून बसते. माझ्या व्यवसायाची खोड अशी की, पुस्तकाच्या मुखपृष्ठाआधी मला त्या उघड्या तोंडातले दात दिसतात. एकदा मी हे आपल्या ग्रंथपालांना गमतीने सांगितले. ते गंभीरपणे म्हणाले, "दिसते, तर मग त्यांच्या आईवडिलांना सांगत का नाही?" आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

माझा दवाखाना सुरतेत कतारगामला आहे. आपल्यापैकी अनेकांना कतारगाम ठाऊक आहे ते कंतारेश्वर महादेवाच्या देवळामुळे, किंवा उंधियूत पडणाऱ्या तेथील पापडीमुळे. आता शेते मागे हटली आणि त्या जागी हिऱ्यांचे कारखाने, माग, औद्योगिक वसाहत आणि दाट वस्ती आली. सौराष्ट्रातून आलेले रत्नकलाकार आणि तापीच्या वरच्या अंगाच्या खानदेशातून उतरलेली आपली मराठी माणसे माझ्या प्रतीक्षाकक्षात शेजारी शेजारी बसतात. दोघांच्याही कडेवर, मांडीवर मुले असतात, आणि दोघांचाही प्रश्न पुष्कळदा एकच असतो : "डॉक्टरसाहेब, पोराचे दात वाकडे येताहेत. आत्ताच तार लावायची, की मोठा झाल्यावर?"

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज मी सविस्तर बोलणार आहे. तरीही सार आधीच सांगून टाकतो. मुलाचे दात व जबडे सातव्या वर्षापर्यंत एकदा जाणत्या दंतवैद्याकडून पाहून घ्यावेत. त्या तपासणीत बहुतेक मुलांच्या बाबतीत "आज काही करू नका, सहा-आठ महिन्यांनी पुन्हा दाखवा" एवढेच निष्पन्न होईल. ते समाधानाने ऐकावे. थोड्या मुलांच्या बाबतीत मात्र "आजच करा" असे सांगितले जाईल, तेव्हा टाळाटाळ करू नये. पाहणे लवकर हवे. उपचार लवकर हवा की नको, हे पाहिल्यानंतर ठरते.

संस्कृतात दाताला 'द्विज' म्हणतात, कारण तो दोनदा जन्मतो. काश्यपसंहितेत दातांच्या जन्माविषयी एक स्वतंत्र अध्याय आहे. बालकाला दात ज्या महिन्यात फुटतात, तितक्याच वर्षी ते पडून पुन्हा उगवतात, अशा आशयाचे निरीक्षण त्यात आहे. आजच्या मोजमापाने हे तंतोतंत खरे नाही, पण आश्चर्य वाटावे इतके जवळचे आहे. खालचे पुढचे दुधाचे दात सहाव्या महिन्याच्या सुमारास येतात आणि सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीस दात पुरे होतात. मग सुमारे तीन वर्षे तोंडात शांतता असते.

सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे, एक नवी दाढ हळूच वर येते. तिच्यासाठी कोणताही दात पडलेला नसतो. दात पडल्याचा गाजावाजा नाही, शेणाच्या गोळ्यात घालून तो कौलावर फेकण्याचा सोहळा नाही, त्यामुळे घरात कोणाचे तिच्याकडे लक्षच जात नाही. ती दुधाचीच आहे असे समजून पुष्कळ आईबाप तिच्यातील कीड चालू देतात. वस्तुतः ती आयुष्यभराची दाढ असते. १८९९ साली अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी वाकड्या दातांचे जे वर्गीकरण मांडले व जे आजही जगभर शिकविले जाते, ते याच सहाव्या वर्षाच्या दाढांच्या परस्परसंबंधावर उभे आहे. वरची आणि खालची दाढ एकमेकींवर कशी बसते हे पाहिले, की जबड्यांचे पुढचे पाऊल कोणत्या दिशेला पडणार याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेतील दंतव्यंगतज्ज्ञांची संघटना पहिल्या तपासणीसाठी सातव्या वर्षाची मर्यादा सांगते, तिचे एक कारण ही दाढ आहे. त्या वयात पुढचे काही कायमचे दात आलेले असतात, मागे ही दाढ बसलेली असते, आणि उरलेले दात अजून हाडात असतात. पुढे काय होणार हे बरेचसे दिसते, आणि काही बदलायचे असेल तर अवधीही असतो.

सहा ते बारा या वर्षांत तोंडात दुधाचे व कायमचे दात एकत्र नांदतात. हा काळ दिसायला कुरूप असतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे वरचे दोन पटाशीचे दात मोठे, पंख्यासारखे फाकलेले, मध्ये फट असलेले दिसतात. आई घाबरते. परंतु ही फट बहुधा निसर्गाच्या योजनेतली असते. वरचे सुळे हाडातून खाली उतरताना बाजूच्या दातांच्या मुळांवर दाब देतात, म्हणून दात फाकतात. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे जागेवर आले की लहानशी फट आपोआप मिटते. ब्रॉडबेंट या संशोधकाने या अवस्थेला अँडरसनच्या परीकथेतील कुरूप बदकपिल्लाचे नाव दिले. या वयात केवळ फट मिटवण्यासाठी तार लावून मुळे जवळ ओढली, तर उतरणाऱ्या सुळ्यांच्या वाटेत आपणच ती आणून उभी करण्याचा धोका असतो.

असेच एक दांपत्य नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले होते. वडील कारखान्यात घंटीवर बसणारे, आई घरी साड्यांना टिकल्या लावणारी. दिवाळीची मोठी सुट्टी सुरू होण्याआधी बोनसच्या पैशांतून मुलीच्या दाताला तार लावून टाकायची, असा त्यांचा बेत. मी मुलीला तपासले, क्ष-किरण चित्र पाहिले आणि म्हटले, "काही करायचे नाही. दर सहा महिन्यांनी मला नुसते दाखवा." वडील खिन्न झाले. पैसे कमी पडतील म्हणून डॉक्टर टाळतात, असे त्यांना वाटले असावे. आई तर जिन्यात मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दुसरा डॉक्टर बघू." पण ती माणसे आली, दर सहा महिन्यांनी आली. बाराव्या वर्षी फट गेली. बोनसचे पैसे कशात गेले ते मला ठाऊक नाही. माझ्याकडे मात्र आले नाहीत.

ही झाली माझ्या सफलतेची गोष्ट. पण अशा प्रसंगी माणसाने आपली चूकही सांगितली पाहिजे. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत सहा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. खालची, दुधाची शेवटची दाढ पार किडलेली, गाल सुजलेला. मी दाढ काढली. ठणका थांबला, आईने आशीर्वाद दिले. "दुधाचीच होती, पुन्हा येईल," असे मी स्वतः म्हणालो. ते अर्धसत्य होते. त्या दाढेच्या जागी येणारी कायमची उपदाढ दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान येते. तोपर्यंत ती दुधाची दाढ चावण्याचे काम तर करतेच, शिवाय ती जागा राखून ठेवते. रेल्वेच्या डब्यात रुमाल टाकून जागा धरतात, तशी. रुमाल उचलला की शेजारचा प्रवासी सरकतो. येथे सहाव्या वर्षाची ती नवी दाढ पुढे सरकली. पाच वर्षांनी मुलगा परत आला तेव्हा उपदाढेला बाहेर यायला वाटच उरली नव्हती. ती जबड्यात तिरकी अडकली होती. त्यानंतर त्याला दोन वर्षांहून अधिक काळ तारा बाळगाव्या लागल्या. दाढ काढल्यानंतर एक साधी पट्टी व तारेचा फास बसवून मी ती जागा राखली असती, तर हे बहुधा टळले असते. त्याहूनही आधी ती दाढ भरून वाचविता आली असती, तर सर्वांत उत्तम. लवकर केलेला दंतव्यंगोपचार म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर चकाकणाऱ्या तारा येतात. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग दुधाच्या दाढा कीड न लागता त्यांच्या मुदतीपर्यंत टिकविणे हाच आहे.

आता ज्या मुलांच्या बाबतीत थांबून चालत नाही, त्यांच्याविषयी सांगतो.

पहिला प्रकार उलट्या चाव्याचा. तोंड मिटल्यावर वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या पुढे असावयास हवेत. काही मुलांत ते मागे जातात आणि हनुवटी पुढे आलेली दिसते. कधी हा केवळ एकदोन दातांचा दोष असतो, आणि साध्या प्लेटने काही महिन्यांत सुधारतो. कधी मात्र वरच्या जबड्याची वाढच मागे पडलेली असते. अशा मुलाला चेहऱ्यावर लावायच्या एका चौकटीच्या व रबरांच्या साहाय्याने वरचा जबडा पुढे ओढण्याचा उपचार करतात, आणि तो साधारण दहाव्या वर्षाच्या आत अधिक लागू पडतो. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांनी मिळून सात ते नऊ वर्षांच्या मुलांवर याची चाचणी घेतली. सहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. उपचार न झालेल्या मुलांपैकी ६६ टक्क्यांना पुढे जबड्याची शस्त्रक्रिया लागेल असे तज्ज्ञांचे मत पडले. उपचार झालेल्यांत हे प्रमाण ३६ टक्के होते. म्हणजे हा उपचार सर्वांना तारतो असे नाही, पण बऱ्याच मुलांना मोठ्या शस्त्रक्रियेपासून दूर ठेवू शकतो.

दुसरा प्रकार आडव्या चाव्याचा. वरचा जबडा अरुंद असल्यामुळे एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात. मग मूल चावताना खालचा जबडा एका अंगाला सरकवते, आणि ती सवय वाढत्या हाडात मुरू लागते. टाळूच्या मध्यभागी जो सांधा असतो तो लहान वयात सैल असतो. तेथे वरचा जबडा रुंद करणे सोपे जाते. विशीकडे झुकल्यावर तेच काम अवघड होते.

तिसरा प्रकार सवयींचा. अंगठा चोखणे तीन-चार वर्षांपर्यंत पुष्कळ मुलांत आढळते. त्यासाठी मुलाला मारू नये, बोटाला कडुनिंब फासून रडवू नये. परंतु कायमचे पुढचे दात येऊ लागेपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षांपर्यंत, ती सवय सुटलेली असावी. झोपेतही सतत तोंडाने श्वास घेणारे, घोरणारे मूल असेल, तर आधी नाक-कान-घशाच्या तज्ज्ञाला दाखवावे. नाकामागच्या गाठी वाढलेल्या असतील, तर केवळ दातांवर इलाज करून भागत नाही.

चौथा प्रकार वाट चुकलेल्या दातांचा. दहाव्या वर्षी वरच्या सुळ्याचा फुगवटा हिरडीवर बोटाला लागावयास हवा. तो दोन्ही बाजूंना सारखा लागत नसेल, तर सुळा टाळूकडे भरकटला असण्याची शक्यता असते, आणि तो शेजारच्या निरोगी दातांची मुळे खाऊ शकतो. स्वीडनमधील एरिक्सन व कुरॉल यांनी १९८८ साली दाखविले, की अशा वेळी योग्य वयात फक्त दुधाचा सुळा काढला तर त्यांनी पाहिलेल्या ४६ सुळ्यांपैकी ३६ सुळे पुन्हा योग्य मार्गाला लागले. तार नाही, शस्त्रक्रिया नाही; एक दुधाचा दात काढला एवढेच. मात्र त्यासाठी दहाव्या वर्षी कोणीतरी हिरडीवर बोट फिरवून पाहावयास हवे होते.

यातले काही ज्ञान फार जुने आहे. रोमन लेखक सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे, की मुलाचा दुधाचा दात पडण्याआधीच नवा दात शेजारी उगवला तर जुना काढावा, आणि नवा दात रोज बोटाने दाबत योग्य जागी आणावा. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्यावर हलका, सततचा दाब असला की एका बाजूचे हाड विरघळते व दुसऱ्या बाजूला नवे तयार होते, आणि दात हळूहळू चालू लागतो. सेल्ससला हाडातली ही क्रिया ठाऊक नव्हती, बोटाचा गुण ठाऊक होता. आपल्या देशात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात काढले. मुंबईचे नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ सालचे. दंतवैद्यकाचा कायदा १९४८ चा. आणि दंतव्यंगतज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था १९६५ ची. म्हणजे आपल्या या ग्रंथालयापेक्षा ही सारी विद्या आपल्या देशात फारशी वडील नाही. आपल्या आजी-आजोबांना ती मिळाली नाही, यात त्यांचा दोष नाही.

आता सर्वांत अधिक आढळणाऱ्या तक्रारीकडे येतो : वरचे दात पुढे आलेले, ओठ न मिटणारे. या मुलांना सात-आठ वर्षांचे असतानाच उपचार द्यावा, की अकरा-बारा वर्षांपर्यंत थांबावे, यावर माझ्या विद्यार्थिदशेत जोरदार वाद होते. मग अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मुलांचे गट पाडून काळजीपूर्वक प्रयोग झाले. त्या सर्वांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा, की लवकर सुरू करून दोन टप्प्यांत केलेला उपचार आणि किशोरवयात एकाच टप्प्यात केलेला उपचार यांच्या अंतिम फळात लक्षणीय फरक नाही. अपवाद एकच : लवकर उपचार झालेल्या मुलांत पडझडीने पुढचे दात तुटण्याचे प्रमाण कमी आढळले. पुढे आलेल्या दातांना इजा होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे दुपटीने असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे याचे नवल वाटत नाही. म्हणून जे मूल फार खेळकर आहे, ज्याचे दात फारच पुढे आहेत, किंवा वर्गातल्या चिडवण्यामुळे जे शाळेत जायला तयार नाही, त्याचा विचार लवकर करावा. इतरांनी वाढीची लाट येईपर्यंत थांबावे. मुलींत ती थोडी आधी येते, मुलांत थोडी नंतर. त्या काळात जबड्याची वाढ आपल्याला साह्य करते, आणि एकाच फेरीत काम भागण्याचा संभव असतो.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आता जाहिरातींचे दिवस आहेत. पारदर्शक साचे, लहान मुलांसाठी रंगीत तारा, मासिक हप्ते, सारे काही आहे. माझ्या व्यवसायबंधूंपैकी बहुसंख्य सचोटीने काम करतात, परंतु ज्या दुकानात काही विकत न घेता बाहेर पडणे अवघड वाटते तेथे आईबापांनी दोन प्रश्न विचारावेत : "आज उपचार केला नाही तर नेमके काय बिघडेल?" आणि "आता केल्यावर बाराव्या वर्षी पुन्हा करावा लागेल का?" प्रामाणिक वैद्य या प्रश्नांनी रागावत नाही. पैशांइतकीच मुलाची सहनशक्तीही मोजून वापरायची वस्तू आहे. आठव्या वर्षी वर्षभर प्लेट घालून कंटाळलेले मूल तेराव्या वर्षी, जेव्हा खरोखर गरज असते तेव्हा, तोंड उघडायला तयार नसते. शिवाय तारांभोवती अन्न अडकते. घासण्याची शिस्त नसलेल्या मुलाच्या तोंडात तार बसविणे म्हणजे किडीला घर बांधून देणे.

कतारगामच्या कारखान्यांत मी पाहिले आहे, की कच्चा हिरा हाती आला की तो लगेच घंटीवर धरीत नाहीत. आधी जाणता माणूस तो भिंगातून न्याहाळतो, आतले डाग कोठे आहेत ते पाहतो, कोठे कापायचे त्याच्या खुणा करतो. कापण्याचे काम त्यानंतर, आणि पैल पाडण्याचे त्याहूनही नंतर. एका वडिलांना मी हेच सांगितले : "तुमच्याकडे खुणा करणारा आणि घासणारा निराळा असतो ना? सातव्या वर्षी मी फक्त खुणा करणार आहे." त्यांना ते लगेच उमगले. इतके दिवस मी शास्त्रीय भाषेत बोलून जे साधले नव्हते, ते त्यांच्या धंद्याच्या भाषेत साधले.

आपल्या समाजाविषयी एक गोष्ट संकोचाने सांगतो. मुलींना माझ्याकडे बहुधा विसाव्या वर्षाच्या सुमारास आणतात, आणि कारण विचारले की आई खाली पाहून म्हणते, "आता स्थळे बघायची आहेत." एका अशाच मुलीला जन्मजात ठेवणीमुळे उलटा चावा होता. आठव्या वर्षी कोणीतरी पाहिले असते तर प्रयत्न करता आला असता. "वयात आली की नीट होईल," असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी मायेने सांगितले होते. ती माझ्याकडे आली तेव्हा शस्त्रक्रियेखेरीज दुसरा मार्ग उरला नव्हता, आणि घरची परिस्थिती मंदीमुळे बेताची. ती मुलगी मला म्हणाली, "डॉक्टर, मला लग्नाचे नाही हो, मला भाकरीचा तुकडा पुढच्या दाताने तोडता येत नाही." आपल्याकडे म्हण आहे, दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे. आपण मुलींचे दाखवायचे दात पाहत राहिलो. खायच्या दातांबद्दल तिला कोणी विचारलेच नव्हते.

यावर उपाय केवळ खाजगी दवाखान्यांत नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत, आपल्याच रेल्वेमार्गावरच्या पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व सरकारी शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करण्याची त्यात योजना आहे. आरंभीच्या ३० विकारांच्या यादीत दुभंगलेले ओठ व टाळू आहेत, दंतविकारही आहेत. आपल्या महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी तपासणीच्या दिवशी मूल घरी ठेवू नये, आणि दिलेली चिठ्ठी खिशात विसरू नये, एवढे तरी आपण पाहू शकतो. शिवाय सरकारी दंतमहाविद्यालयांत हे उपचार पुष्कळ कमी खर्चात होतात. तेथे थांबावे लागते खरे. पण लवकर पाहिले असेल तर थांबायला वेळही असतो.

घरी काय पाहावे? मूल सहा वर्षांचे झाले की दिवसाउजेडी त्याला खिडकीशी बसवावे. सर्वांत मागे नवी दाढ आली का, तिच्यात काळी रेघ आहे का, हे पाहावे. तोंड मिटून दाखवायला सांगावे. वरचे दात खालच्या दातांच्या बाहेर बसतात का, मिटताना हनुवटी एका बाजूला जाते का, हे पाहावे. झोपेत ओठ मिटलेले असतात का, हे रात्री पाहावे. एका बाजूचा दात पडून सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा हललाही नाही, तर दाखवावे. आणि खेळताना कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो मुळाला हात न लावता उचलून दुधात ठेवावा व तासाभराच्या आत दंतवैद्याकडे धाव घ्यावी. यासाठी पदवी लागत नाही.

१९९४ सालच्या सप्टेंबरमध्ये सुरतेत प्लेगची साथ उद्भवली, तेव्हा आमच्या कतारगामच्या शेजारचा वेड रोड साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत झळकला. लोक गाड्या भरभरून शहर सोडून गेले. त्यानंतर १९९५ पासून हे शहर झाडून स्वच्छ झाले, आणि त्याचे कारण एखादे मोठे औषध नव्हते. अधिकारी रोज सकाळी रस्त्यावर उतरून गटारे व कचरा पाहू लागले. आपल्या शहराने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. मुलांच्या बाबतीत तो तितका महाग पडू नये.

ज्या मुलाच्या बाबतीत माझ्या हातून चूक झाली, तो गेल्या वर्षी पुन्हा आला. आता तो स्वतः बाप आहे. त्याने आपल्या सहा वर्षांच्या लेकीला खुर्चीत बसविले आणि म्हणाला, "काही दुखत नाहीये. नुसते बघा." मी पाहिले. चारही नव्या दाढा हिरडीतून डोकावत होत्या, दुधाच्या दाढा शाबूत होत्या. करण्यासारखे काहीच नव्हते. तसे मी सांगितले, आणि बापलेक हसत घरी गेले.

शेवटी ग्रंथपालांच्या प्रश्नाचे उत्तर. येत्या शैक्षणिक वर्षापासून, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, बालविभागाच्या त्याच बाकावर मी दोन तास बसेन. सहा ते दहा वर्षांच्या कोणत्याही मुलाचे दात विनामूल्य पाहीन आणि एका चिठ्ठीवर काय ते लिहून देईन. तेथे तार लावली जाणार नाही आणि औषधही दिले जाणार नाही. मुलांनी येताना आपले पुस्तक बदलायला आणावे, म्हणजे फेरी फुकट जाणार नाही.

 या ग्रंथालयाला दीर्घायुष्य लाभो, आणि त्याच्या बाकावर वाचणाऱ्या मुलांना निरोगी बालपण लाभो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.